एनटी-प्रोबीएनपी इतके वाढलेले असताना पायांवर सूज का राहते?

वडिलांच्या रिपोर्टचे आकडे आणि त्यासोबतची आपली शंका मी काळजीपूर्वक वाचली. वडील ६८ वर्षांचे असून निफाड तालुक्यातील द्राक्षबाग अजून स्वतः पाहतात. इकोमध्ये ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयातून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रक्ताचा हिस्सा, ३० टक्के आली आहे, हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी ४,२०० आहे आणि दोन्ही पायांवर संध्याकाळी सूज चढते. नाशिकला औषधे सुरू झाल्यानंतर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, १.३ वरून १.६ झाले. आपण असे वाचले आहे की हृदयातून निघणारे हे संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. मग ते इतके वाढलेले असताना अंगात पाणी का साठते, हा आपला पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न घरातून आला आहे. आपले मामा म्हणतात की लघवीच्या गोळीने किडनी खराब होत आहे, म्हणून ती बंद करावी आणि किडनी धुऊन निघण्यासाठी रोज चार लिटर पाणी पाजावे.

हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांचे मूळ एक आहे. हृदय मूत्रपिंडाला आदेश पाठवते हे खरे आहे, परंतु वडिलांच्या आजारात तो आदेश निघूनही अमलात येत नाही. तो का येत नाही हे समजले की गोळी, पाणी आणि मीठ यांचा विचार आपोआप जागेवर येतो. मी नाशिकमध्ये बरीच वर्षे मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार करत आलो आहे आणि त्यांतील मोठा भाग हृदयविकाराच्या डॉक्टरांकडून आलेल्या रुग्णांचा असतो. तरीही आधी एक मर्यादा सांगतो. वडिलांना मी तपासलेले नाही. त्यांचा उभे राहिल्यावरचा रक्तदाब, मानेच्या शिरा, लघवीतील प्रथिने आणि मधुमेह आहे की नाही, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्यामुळे गोळीच्या मात्रेचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील.

हृदय हा केवळ पंप नसून एक ग्रंथीही आहे, ही गोष्ट वैद्यकाला तुलनेने उशिरा कळली. १९५६ साली ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनिपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, बारीक कण दिसले होते, परंतु त्यांचे काम काय हे पुढे पाव शतक उमगले नाही. १९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा काही मिनिटांत त्यांच्या लघवीतील सोडियम ३० पटींहून अधिक आणि लघवीचे प्रमाण १० पट वाढले. या अर्कातले संप्रेरक म्हणजे एएनपी. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचे भावंड सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदूसाठीचे ‘बी’ आले. प्रत्यक्षात माणसाच्या शरीरात हे बीएनपी मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, म्हणजे जवनिकांतून, येते.

दोन्ही संप्रेरके सुटण्याचे कारण एकच असते, हृदयाच्या भिंतीवर पडणारा ताण. रक्तात मीठ-पाणी जास्त झाले की हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, भिंत ताणली जाते आणि संप्रेरक बाहेर पडते. ते मूत्रपिंडात तीन-चार ठिकाणी काम करते. गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म धमनी ते सैल करते आणि गाळणीतून रक्त नेणारी थोडी आवळते, त्यामुळे गाळण वाढते. नलिकांच्या शेवटच्या भागात सोडियम परत शोषले जाण्याला ते आळा घालते. त्याशिवाय रेनिन आणि अल्डोस्टेरोन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकांचे उत्पादन ते कमी करते. मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला ९९ टक्के परत घेते. या परत घेण्यात एका टक्क्याचा फरक पडला तरी लघवीत जवळपास दोन लिटरचा फरक पडतो, यावरून या नलिकांवरच्या नियंत्रणाचे मोल लक्षात यावे.

वडील रात्री किती वेळा उठतात हे आपण लिहिलेले नाही, परंतु बहुधा ते तीन-चार वेळा उठत असतील आणि घरात त्याचा दोष प्रोस्टेटला दिला जात असेल. प्रोस्टेटही कारण असू शकते. मात्र हृदय कमजोर असलेल्या माणसात दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर पुन्हा रक्तात येते, कर्णिका ताणल्या जातात, एएनपी सुटते आणि मूत्रपिंड रात्री कामाला लागते. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे असेल तर त्यानेही असेच होते. माझ्याकडे प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवून आलेले काही रुग्ण असे निघाले आहेत की त्यांच्या रात्रीच्या खेपा लघवीच्या गोळीची दुपारची वेळ बदलल्यावर आणि दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडल्यावर निम्म्याने कमी झाल्या. सांगायचा मुद्दा असा, की वडिलांचे संप्रेरक अगदीच निष्फळ नाही. ते काम करते, फक्त पुरेसे नाही.

ते पुरेसे का पडत नाही, हाच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

सर्वांत आधी, आपल्या रिपोर्टवरचा आकडा काम करणाऱ्या संप्रेरकाचा नाही. हृदयाच्या पेशी १०८ दुव्यांची एक लांब साखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात: ३२ दुव्यांचे बीएनपी, जे काम करते, आणि ७६ दुव्यांचा उरलेला भाग, जो काहीच करत नाही. एनटी-प्रोबीएनपी म्हणजे हा दुसरा तुकडा. बीएनपी रक्तात सुमारे २० मिनिटांत निम्मे होते. हा निष्क्रिय तुकडा त्याहून बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून प्रयोगशाळा तो मोजतात. ४,२०० हा आकडा मनीऑर्डर पाठवल्याच्या पावतीसारखा आहे. पैसे निघाले एवढेच ती सांगते, घरी पोचले की नाही हे सांगत नाही. त्यात भर म्हणजे हृदय फार थकलेले असताना साखळी पुरती तुटतच नाही आणि रक्तात अखंड साखळ्या फिरत राहतात, ज्यांची ताकद बीएनपीच्या मानाने फारच कमी असते.

जे खरे बीएनपी तयार होते, त्यालाही वाटेत अडथळे असतात. नेप्रिलायसिन नावाचे एक विकर त्याचे तुकडे करते. मूत्रपिंडावरचे त्याचे ग्राहक, म्हणजे त्याचा आदेश टिपणारे रेणू, सततच्या माऱ्याने बोथट होतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे विरुद्ध बाजूची ओढ. हृदयाचा पंप ३० टक्क्यांवर आला की मूत्रपिंडाला पुरेसे रक्त पोचत नाही. मूत्रपिंडाला हृदय थकले आहे हे कळण्याचा मार्ग नाही. त्याला वाटते की शरीरातून रक्त किंवा पाणी गेले आहे, जसे जुलाब झाल्यावर किंवा जखम वाहिल्यावर जाते. मग ते रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरोन वाढते आणि नलिका मिळेल तेवढे मीठ ओढून घेतात. ही व्यवस्था दुष्काळात, जखमेत, उपासमारीत जीव वाचवण्यासाठी आहे आणि ती फार ताकदवान आहे. एका बाजूने हृदय ‘मीठ सोड’ म्हणत असते आणि दुसऱ्या बाजूने ही व्यवस्था ‘मीठ धर’ म्हणत असते. वडिलांच्या अवस्थेत दुसरा आवाज जिंकतो. पायांवरची सूज हा त्याचा परिणाम आहे.

हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली औषधे या चित्रात ठेवून पाहावीत, म्हणजे एवढ्या गोळ्या कशासाठी हे कळेल. वडिलांच्या चिठ्ठीत सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन असेल, तर त्यातील सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिनला अडवते, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या संप्रेरकाला जास्त वेळ जगू देते, आणि वल्सार्टन अँजिओटेन्सिनचा जोर मोडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पॅराडाइम-एचएफ या चाचणीत आठ हजारांहून अधिक रुग्ण होते आणि तोपर्यंतच्या प्रमाण औषधाच्या तुलनेत या जोडीने हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. याउलट, कृत्रिम बीएनपी शिरेतून थेट देण्याचा प्रयोग २०११ मध्ये सात हजारांवर रुग्णांत झाला, त्यातून मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे कमी झाले नाही. मला या दोन निकालांत मोठा बोध दिसतो: आदेशाचा आवाज नुसता वाढवून भागत नाही, विरुद्ध आवाज खाली आणावा लागतो. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन याच कारणासाठी देतात, ते अल्डोस्टेरोनला अडवते.

येथे दोन व्यावहारिक सूचना आहेत. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी वडील आधी घेत असतील, तर ती थांबवल्यावर किमान ३६ तासांनीच सॅक्युबिट्रिल सुरू करायचे असते, नाहीतर ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास अडकण्याचा धोका असतो. म्हणून जुन्या पट्ट्या घरातून काढून टाकाव्यात. दुसरी गोष्ट म्हणजे, या औषधावर असताना साधे बीएनपी मोजले तर ते वाढलेले दिसू शकते, कारण त्याचे तुकडे होणेच थांबलेले असते. पुढची तपासणी एनटी-प्रोबीएनपीचीच आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी.

त्या आकड्याकडे कसे पाहावे हेही सांगतो, कारण ४,२०० वाचून घर हादरलेले दिसते. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले ते विचारतो. मारुती पूर आणत नाही आणि थांबवतही नाही, पण पाणी चढते आहे की उतरते आहे हे त्याच्याकडे पाहून कळते. एनटी-प्रोबीएनपीचा उपयोग तेवढाच आणि तसाच आहे. शिवाय वयाबरोबर तो वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर वाढतो, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तो तुकडा नीट बाहेर पडत नाही म्हणूनही वाढतो. लठ्ठ माणसांत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. क्रिएटिनिन १.६ असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाचे ४,२०० आणि चाळिशीतल्या निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाचे ४,२०० यांचा अर्थ एक नाही. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली दिशा महत्त्वाची मानावी.

आता क्रिएटिनिन. मामांची काळजी खोटी नाही, आणि मी स्वतः या वळणावर चुकलेलो आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले होते, क्रिएटिनिन १.४ वरून १.८ झालेले, पायांवर सूज. मी मूत्रपिंडाला विश्रांती मिळावी म्हणून लघवीची गोळी थांबवली. आठ दिवसांनी ते रात्री बसून श्वास घेत दाखल झाले आणि क्रिएटिनिन २.४ होते. शिरेतून औषध देऊन सहा लिटर पाणी काढल्यावर ते उतरून १.५ झाले. त्या दिवसापासून क्रिएटिनिन पाहताना मी मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताबरोबर तेथून परत जाणाऱ्या रक्ताचाही विचार करतो. हृदय तुंबलेले असेल तर शिरांतला दाब मागे मूत्रपिंडापर्यंत जातो. मूत्रपिंड हे घट्ट वेष्टनात बसलेले असते. बाहेर जाणारी वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि गाळण मंदावते. अशा वेळी पाणी काढणे हाच मूत्रपिंडाचा उपचार असतो.

अर्थात क्रिएटिनिन वाढण्याचे प्रत्येक कारण हेच नसते. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा डापाग्लिफ्लोझिन (मूळची मधुमेहाची, आता हृदयासाठीही दिली जाणारी गोळी) सुरू केल्यावर गाळणीतला दाब मुद्दाम उतरतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे चढते आणि मग स्थिरावते. सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा स्वीकारतो. वडिलांची वाढ २३ टक्के आहे. परंतु सूज गेलेली आहे, वजन कोरड्या, म्हणजे सूज नसतानाच्या, वजनाच्याही खाली आहे, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोंड सुकते, अशा माणसात क्रिएटिनिन वाढले तर गोळी जास्त झालेली असते आणि ती कमी करावीच लागते. वडिलांच्या पायांवर सूज अजून आहे, म्हणून माझा कल पहिल्या दोन कारणांकडे आहे. गोळी घरच्या घरी बंद करू नये, हे मात्र मी निःसंदिग्धपणे सांगतो.

चार लिटर पाण्याबद्दल. पाण्याने मूत्रपिंड धुतले जात नाही. निरोगी माणूस जास्तीचे पाणी काही तासांत लघवीवाटे टाकतो. वडिलांच्या शरीरात मात्र पाणी टाकण्याची वाट अडवलेली आहे, त्यामुळे चार लिटरमधले बरेच पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत जाईल आणि रक्तातले सोडियमही खाली येऊ शकते. सूज असेपर्यंत दिवसाचा एकूण द्रव, म्हणजे पाणी, चहा, ताक, आमटी सगळे धरून, दीड ते दोन लिटरच्या दरम्यान ठेवावा असे मी सांगतो. सूज ओसरून प्रकृती स्थिरावली की घोट मोजत बसण्याची गरज बहुतेकांना उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बागेत घाम गाळून आल्यावर हे माप बदलते. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, कारण अशा वेळी लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवावे लागते.

खरा प्रश्न पाण्यापेक्षा मिठाचा आहे, आणि घरांत याच जागी गफलत होते. सलाइनच्या एका लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते आणि आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. म्हणजे शरीरात ९ ग्रॅम जास्तीचे मीठ अडकले की त्याच्याभोवती एक लिटर पाणी धरून ठेवले जाते. पाणी कितीही तोडले आणि मीठ तसेच राहिले, तर तहान माणसाला पुन्हा हंड्याकडे नेते. नाशिक रोडकडचे एक निवृत्त शिक्षक दर श्रावणात सूज घेऊन येत. घरचे जेवण मोजून मीठ घालून केलेले असे, तरीही. तिसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नीकडून कळले की श्रावणातल्या उपासांना साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि उपासाचे पापड सैंधव घालून सढळ हाताने होतात, कारण सैंधवाने काही होत नाही अशी सर्वांची समजूत होती. सैंधव हे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे. ते थांबले आणि पुढचा श्रावण सुजेविना गेला.

वडिलांसाठी दिवसाचे सगळे मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, हे माप योग्य वाटते. लोणचे, पापड, फरसाण, मिसळीवरचा कट, खारे शेंगदाणे आणि ॲसिडिटीसाठी घेतलेला सोडा यांचा हिशेब त्यातच धरावा. मात्र अळणी जेवण लादू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ या अभ्यासात सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवूनही मृत्यू किंवा दाखल होणे ठळकपणे कमी झाले नाही, आणि मी पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांत अळणी जेवणाने भूक मरते व अंगातले मांस झडते. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ वडिलांना देऊ नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि त्यांच्या औषधांबरोबर ते धोक्याचे आहे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. त्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात आणि लघवीच्या गोळीचे काम निष्फळ करतात. आजवर मी पाहिलेल्या बिघाडांत या गोळ्यांचा वाटा फार मोठा आहे.

घरी एक वजनकाटा आणावा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पायावर बोट दाबून खळगा दिसेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेले असते. वजनकाटा ते आधी सांगतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले, उशी वाढवावी लागली किंवा रात्री दम लागून बसावे लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

एक आकडा आपल्या प्रश्नात नाही, तो पोटॅशियमचा. क्रिएटिनिनसोबत तो तपासला गेला असेल, तर रिपोर्टमध्ये शोधून पाहावा. तो ५.० च्या आत असेल तर आहे ती औषधे चालू ठेवून एक-दोन आठवड्यांत दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. ५.५ च्या वर असेल, किंवा तपासलाच गेला नसेल आणि वडील स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील, तर उद्या सकाळीच रक्त द्यावे आणि तो रिपोर्ट हातात येईपर्यंत शहाळ्याचे पाणी व फळांचे रस थांबवावेत.